घरचं गॅरेज: बेळगाव-खानापूर-निपाणी भागात गाडीकामाची जागा कशी उभारावी

गाडीकाम घरी करायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला पैसा पान्यांच्या पेटीवर जातो. पेटी चकचकीत येते, गाडी मात्र अंगणात मातीवरच उभी असते. मग जॅक मातीत रुततो, जूनमध्ये झड लागली की काम थांबतं आणि गणपतीपर्यंत पाने तांबूस पडतात. बेळगाव-खानापूरच्या पावसात आणि चिकोडी-गोकाककडच्या काळ्या रानात क्रम उलटाच ठेवावा लागतो: आधी माती, मग पत्रा, मग कोबा, मग वीज. पान्यांची पाळी सगळ्यांत शेवटी, आणि पेटी एकदम भरायचीही नाही.

खालची सगळी मापं स्वतःच्या एक-दोन गाड्यांसाठी आहेत. सर्व्हिसिंग, ब्रेक, सस्पेन्शन, किरकोळ वायरिंग एवढं काम इथं आरामात होतं. डेंटिंग-पेंटिंग यात धरलेलं नाही; रंगाचा फवारा वस्तीत मारू नये. दुसऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन हाती घेणार असाल तर व्यवसाय परवाना आणि व्यावसायिक वीजजोडणी दोन्ही लागतात, ते गणित वेगळं.

जागा आणि मापं

मारुती स्विफ्ट साधारण १२ फूट ८ इंच लांब आणि पावणेसहा फूट रुंद. बोलेरो १३ फुटांच्या किंचित वर. करात सवलत मिळावी म्हणून आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या ४ मीटरच्या आतच बनवलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी एकच माप चालतं. इनोव्हा क्रिस्टा मात्र साडेपंधरा फूट आहे.

आतून १४ बाय २२ फूट हे हातात ठेवायचं माप. १२ बाय २० मध्ये काम भागतं, पण दार पूर्ण उघडून मांडी घालून बसता येत नाही आणि ब्रेकचं काम तर बसूनच होतं. गाडी मधोमध लावू नका. एका भिंतीपासून ३ फूट सोडा आणि उरलेली सगळी जागा दुसऱ्या बाजूला ठेवा. कामाचं टेबल मागच्या भिंतीला, म्हणजे गाडीच्या तोंडासमोर. टेबल आणि बंपर यांच्यात किमान ४ फूट मोकळे राहिले पाहिजेत.

शटर ९ फूट रुंद, ८ फूट उंच. ८ फूट रुंदीत गाडी शिरते, पण दोन्ही आरशांवर जीव टांगलेला राहतो. पत्र्याची उंची कमी बाजूला १० फूट पुरते. पुढेमागे दोन खांबांची लिफ्ट बसवायचा विचार असेल तर १३ फूट ठेवा आणि खांबांच्या जागी कोबा जाड घ्या. नवशिक्याने लिफ्टच्या नादी लागू नये. तेवढ्या पैशात जागेसकट बाकी बरंच उभं राहतं.

शटरचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पाऊस आणि वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, खानापूर भागात तर आडवाच येतो. प्लॉटमुळे पश्चिमेलाच तोंड करावं लागलं तर शटरपुढे ६ फुटांची पत्र्याची पडवी काढा.

बांधकामाला हात लावायच्या आधी परवानगी बघा. शहरात महानगरपालिका, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, गावात ग्रामपंचायत. पंचायतीकडे जाताना जागेचा ई-स्वत्तू उतारा (पंचायत हद्दीतल्या मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) जवळ असू द्या. शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटून शेड उभी केली की भांडण ठरलेलं, आणि ग्राइंडर सुरू झाल्यावर ते वाढतं.

माती बघितल्याशिवाय पाया नको

या जिल्ह्यात दोन वेगळ्या जमिनी आहेत. बेळगाव शहर, खानापूर, जांबोटीकडे तांबडी-जांभी माती. गोकाक, रायबाग, अथणीकडे काळी. चिकोडी-निपाणी पट्ट्यात दोन्ही सापडतात, म्हणून आपल्या प्लॉटवर दोन फुटांचा खड्डा मारून बघणं हाच उपाय.

तांबड्या मातीत वरची ९ इंच मऊ माती काढा. त्यात मुरूम टाकून पाणी मारा आणि प्लेट कॉम्पॅक्टर फिरवून दाबून ६ इंचांचा थर तयार करा. १४ बाय २२ च्या जागेला सैल मुरूम सुमारे २ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो.

काळ्या मातीत हे चालत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पाडते. तिच्यावर थेट ओतलेला कोबा दोन पावसाळ्यांत मधून उचलला जातो किंवा कडेला खचतो. लोखंड जास्त घातलं की भागेल असं गवंडी म्हणतात. ते खरं नाही, कारण चूक वर नसून खाली असते. काळी माती अडीच फूट तरी काढून टाका आणि २ फूट मुरूम ६-६ इंचांच्या थरांनी भरा. प्रत्येक थर वेगळा भिजवून दाबायचा. यासाठी सैल मुरूम साडेसात ते आठ ब्रास लागतो. खर्च बोचतो, पण फुटलेला कोबा उखडून पुन्हा करणं त्याहून महाग पडतं. शेडभोवती पावसाचं पाणी मुरू नये म्हणून २ ते ३ फूट रुंदीची सिमेंटची पट्टीही बाहेरून करून घ्या, तिचा उतार भिंतीपासून दूर.

तयार कोब्याची पातळी बाहेरच्या जमिनीपेक्षा ६ ते ९ इंच वर ठेवा; तेवढी येत नसेल तर मुरमाचा थर त्या हिशेबाने वाढवा. बाहेरचा रॅम्प ६ फुटांपेक्षा आखूड केला तर लहान गाड्यांचा पुढचा बंपर घासतो.

पत्रा आधी, कोबा नंतर

उलटं वाटेल, पण खांब आणि पत्रा उभा करून मग कोबा ओतावा. सावलीत कोबा हळू सुकतो, त्यामुळे भेगा कमी पडतात. वळवाचा पाऊस मध्येच आला तरी ओला कोबा वाचतो. कोबा ओतायला डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्ये पाणी मारायलाच पाणी पुरत नाही, आणि त्यात वळीव कधी येईल त्याचा नेम नसतो.

पत्रा ०.५ मिमी जाडीचा, रंगीत लेप दिलेला. स्क्रू रबरी वॉशरचे आणि पत्र्याच्या उंच घडीवरच मारायचे; खोलगट भागात मारलेला स्क्रू पहिल्याच पावसात गळतो. उतार १० अंशांपेक्षा कमी नको. पश्चिमेकडे पत्रा अडीच फूट बाहेर काढा. एवढ्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सातशे लिटरांहून जास्त पाणी उतरतं, म्हणून पन्हळ आणि ४ इंची पाइप हवाच. ते पाणी शटरसमोर सोडू नका.

भिंतींना जांभ्याचा चिरा मिळाला तर घ्या, पण बाहेरून गिलावा केल्याशिवाय ठेवू नका. चिरा पाणी पितो आणि आतली हवा सप्टेंबरपर्यंत दमट राहते. सहा इंची सिमेंट ब्लॉक जास्त सोयीचे, शिवाय त्यांवर फळ्या-रॅक ठोकता येतात.

कोबा

मुरमावर ३ इंच १:४:८ चं (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर ५ इंच एम-२० म्हणजे १:१.५:३. प्लास्टिक कुणी घालत नाही, तरी घाला. जमिनीतली ओल वर चढायची ती तिथंच अडते, आणि पाने गंजण्याचं अर्धं कारण ही ओलच असते.

१४ बाय २२ च्या ५ इंची थराला सिमेंट सुमारे २९ पोती, एम-सँड (दगड भरडून केलेली वाळू) अर्ध्या ब्रासच्या थोडी वर, २० मिमी खडी १ ब्रासच्या थोडी वर. सळई ८ मिमीची, दोन्ही दिशांना ८ इंचांवर, मिळून ११५ ते १२० किलो. सळईखाली २ इंचांचे सिमेंटचे ठोकळे ठेवा. बांधलेली जाळी जमिनीवरच टाकून वर काँक्रीट ओतलं तर ती तळाशीच राहते आणि तिचा उपयोग शून्य.

एका पोत्याला २५ लिटरांपेक्षा जास्त पाणी नको. ओतायला सोपं जावं म्हणून मजूर पाणी वाढवतात, आणि वर्षभरात कोब्याची वरची कातडी भुकटी होऊन निघते. ट्रॉली जॅकची लोखंडी चाकं अशा जागी खळगे पाडतात. उभं राहून बघणं एवढाच यावर इलाज आहे.

उताराबद्दल गल्लत होते. सगळीकडे उतार दिला तर स्टँडवरची, म्हणजे उचलून लोखंडी टेकूंवर ठेवलेली, गाडी तिरकी बसते. आतले १८ फूट सपाट ठेवा आणि शटरकडच्या ४ फुटांतच दीड इंचाचा उतार द्या. सांडलेलं पाणी रबरी वायपरने ओढता येतं. दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांच्या आत, कटरने सव्वा इंच खोल रेषा मारून कोब्याचे चार भाग करा. भेग पडायचीच असेल तर ती या रेषेतच पडते.

मातीची आळी करून १४ दिवस पाणी साठवा. गाडी २८ दिवसांनी आत घ्या. गुळगुळीत टाइल्स बसवू नका. ऑइलचे चार थेंब पडले की पाय घसरतो आणि जॅकखाली टाइल तडकते. नुसता कोबाच ठेवा, हौस असेल तर त्यावर इपॉक्सी रंग.

खड्डा करावा का?

जुन्या गॅरेजांत खड्डा असतो, म्हणून घरीही करावासा वाटतो. करू नका. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात, त्या खड्ड्यात साठून राहतात आणि एक ठिणगी पुरते. खानापूर-बेळगाव पट्ट्यात पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खड्ड्याची विहीर होते. झाकण नसलं तर रात्री माणूस पडतो. घरच्या कामाला चार स्टँड आणि झोपून सरकायची चाकांची फळी पुरते. फक्त ऑइल बदलायचं असेल तर लोखंडी रॅम्पची जोडी, तीही कोब्यावरच.

वीज

घरातल्या बोर्डाला एक्स्टेन्शन लावून गॅरेज चालवू नका. घराच्या मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणा. २० मीटरपर्यंत अंतर असेल तर ६ चौमिमी तांब्याची आर्मर्ड केबल, जमिनीत दोन ते अडीच फूट खोल, वर वाळू आणि विटा. गॅरेजच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) पाहिजेच, कारण ओल्या कोब्यावर अनवाणी माणूस आणि हातात ग्राइंडर हे चित्र आपल्याकडे रोजचं आहे. दिव्यांना ६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरच्या सॉकेटना ४ चौमिमी वायर. कंप्रेसरची लाइन स्वतंत्र, तिला सी प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी. बी प्रकारचा मोटर सुरू होतानाच पडतो.

सगळी सॉकेट जमिनीपासून ४ फूट वर. पेट्रोलची वाफ खाली रेंगाळते आणि प्लग काढताना ठिणगी उडते, म्हणून हा नियम.

अर्थिंग जुन्या नळाला जोडू नका. अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी ओतायला चेंबर. जांभी जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून मार्च ते मे आठवड्याला एक बादली पाणी त्यात ओता.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. तेव्हा कंप्रेसरची मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही. अशा वेळी बटण लगेच बंद करा. अर्धं मिनिट तसंच ठेवलं तरी कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळतं. वाढीव भार लागणार असेल तर हेस्कॉमकडे (इथली वीज कंपनी) अर्ज परवानाधारक वायरमनमार्फत करा. आणखी एक हिशेब: गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना) महिन्याला २०० युनिटांच्या पुढे गेलात की पूर्ण बिल भरावं लागतं. वेल्डिंग मशीन आणि कंप्रेसर ती रेषा कधी ओलांडतात ते कळतही नाही.

उजेड आणि हवा

२० वॉटच्या ८ एलईडी ट्यूब, गाडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार. बॉनेटच्या बरोब्बर वर लावलेली ट्यूब कुचकामी, कारण बॉनेट उघडलं की तीच उजेड अडवते. गाडीखाली रिचार्जेबल एलईडी हातदिवा. २३० व्होल्टचा तारेचा बल्ब गाडीखाली न्यायचा नाही. फुटला आणि खाली पेट्रोल असलं तर संपलं.

हवेसाठी एक १२ इंची एक्झॉस्ट फॅन वर आणि समोरच्या भिंतीत जमिनीलगत दोन जाळ्या. दोन्ही लागतात. पेट्रोल-एलपीजी खाली बसतं तर सीएनजी वर चढून पत्र्याखाली कोंडतं. सीएनजीच्या गाडीवर काम असेल तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. शटर बंद करून इंजिन चालू ठेवू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जॅक आणि स्टँड

पैसा इथं सोडा. ३ टनी ट्रॉली जॅक आणि ३ टनी स्टँडच्या दोन जोड्या. डिकीतला कात्री जॅक पंक्चरपुरताच. स्टँड घेताना क्षमता एका स्टँडची लिहिली आहे की जोडीची, ते वाचा. स्टँडची किमान उंचीही बघा. लहान गाडीखाली उंच स्टँड शिरतच नाही.

गाडी उचलायचा क्रम पाठ झाला पाहिजे.

गाडी सपाट कोब्यावर, चाकं सरळ. पुढची बाजू उचलायची तर हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर लावा. मागची बाजू उचलायची तर हँडब्रेकवर भिस्त नको: तो मागच्याच चाकांवर चालतो आणि तीच हवेत जाणार आहेत. पुढच्या चाकांना पाचर लावून पहिला गिअर टाका. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागेच असतात, म्हणून तिथं पुढच्या चाकांच्या पाचरीच तेवढ्या खऱ्या.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी लावा, शक्यतो पुढच्या क्रॉसमेंबरखाली (गाडीखालचा आडवा मजबूत तुळईसारखा भाग), मध्ये रबरी पॅड. ऑइलपॅनला जॅक लावला की पॅन दबतो आणि आतली जाळी चेपून ऑइल वर चढत नाही. इंजिन बसायला तेवढं पुरतं.

जॅकचा दांडा वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून जॅकला गाडीखाली पुढे-मागे सरकावं लागतं. खडबडीत जमिनीवर किंवा पेव्हरच्या फटीत त्याची चाकं अडली तर जॅक सरकायच्या ऐवजी गाडीच ओढली जाते आणि दुसऱ्या टोकाचा स्टँड कलंडतो. अंगणातल्या बऱ्याच अपघातांचं मूळ हे आहे. कोब्यावर एवढा खर्च सांगितला तोही याचसाठी.

उचलल्यावर स्टँड सिलच्या (दारांखालची लांब कड) दोन खाचांमधल्या मजबूत जागी लावा, जॅक हळू सोडा, वजन पूर्ण स्टँडवर येऊ द्या. आता गाडीला कुशीत जोरात धक्का द्या. हलली तर पुन्हा करा. पडायचीच असेल तर तुम्ही खाली जाण्याआधी पडू दे. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. जॅकच्या आतला रबरी सील कधी सुटेल ते सांगता येत नाही. आणि विटा, सिमेंट ब्लॉक, जांभा चिरा यांवर गाडी ठेवायची नाही. हे दगड दाब सोसतात, पण लोखंडाची धार एका बिंदूवर आली की काही न सांगता फुटतात.

पाने

सुरुवातीला रिंग पाने ६ ते २२ मिमी, डबल पाने त्याच मापात, आणि अर्ध्या इंची रॅचेटसह १० ते २४ मिमीच्या गोट्या, म्हणजे नटावर बसणारी सॉकेट. मारुती-टोयोटाला १०, १२, १४, १७ सतत लागतात. टाटा, महिंद्रा, फोक्सवॅगनला १३, १६, १८. गोट्या सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते, आणि गोव्याला वरचेवर जाणाऱ्या गाड्यांचे नट गंजलेलेच असतात. चाकाचा नट मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ चा, ह्युंदाईला २१ चा. स्पार्क प्लगची गोटी मारुतीच्या बऱ्याच के-सीरिज इंजिनांना १६ ची, जुन्या ८०० आणि ऑम्नीला २१ ची. ताण सोसणारे पाने टपारियासारख्या नावाजलेल्या कंपनीचेच घ्या. हातोडा, छन्नी, पंच कुठलेही चालतात.

टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा) पहिल्याच खरेदीत असावा, अर्ध्या इंची, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. लहान गाड्यांच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० च्या दरम्यान आवळतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. पायाने टॉमी (पान्याचा दांडा) दाबून आवळलेल्या नटाचे आटे ताणले जातात, आणि रस्त्यात पंक्चर झालं की तोच नट सुटत नाही. काम झालं की टॉर्क पान्याचा काटा सगळ्यांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर स्प्रिंग दमते आणि आकडा खोटा होतो. नट सोडायला मात्र तो कधीच वापरू नका.

२०१३ नंतरच्या गाडीसाठी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा) घ्यावा. चेक इंजिनचा दिवा लागला तर निदान मेस्त्रीकडे जायचं की नाही एवढं कळतं.

काय घेऊ नये तेही सांगायला हवं. हायड्रॉलिक प्रेस, लेथ, मोठं वेल्डिंग यांची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप गल्लोगल्ली आहेत. ब्रेक डिस्क सोलणं, बुश दाबणं, हेड फेसिंग तिथं करून मिळतं. निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूर जवळ, तिथं शिरोली आणि गोकुळ शिरगावात हीच सोय आहे. कंप्रेसरही पहिल्या वर्षी नको. घेतलाच तर २ एचपी, ५० लिटर टाकी, आणि पावसाळ्यात रोज संध्याकाळी खालचा ड्रेन उघडून पाणी काढा. नाही काढलं तर टाकी आतून गंजते, बाहेरून रंग मात्र शाबूत दिसतो.

टेबल

६ बाय २ फूट, उंची कोपरापेक्षा ३-४ इंच खाली, म्हणजे बहुतेकांना ३४ ते ३६ इंच. सांगाडा ४० मिमी अँगलचा, वर २ इंची लाकडी फळी, फळीवर पातळ पत्रा. ५ इंची व्हाइस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा) टेबलाच्या पायाच्या बरोब्बर वर बसवा. मधोमध बसवलेली व्हाइस हातोड्याच्या प्रत्येक घावाला उडते. तिचा जबडा टेबलाच्या कडेबाहेर किंचित यायला हवा, म्हणजे लांब दांडा उभा धरता येतो.

गंज आणि उंदीर

जून ते सप्टेंबर पाने उघड्या फळीवर टांगू नका. झाकणाची पेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा इंजिन ऑइल लावलेल्या फडक्याने पुसणं. ओल्या गाडीशेजारी रात्रभर उघडी राहिलेली पेटी सकाळी तांबूस झालेली असते, म्हणून भिजलेली गाडी आत घेतल्यावर पाणी वायपरने ओढून फॅन तासभर चालू ठेवा.

उसाच्या पट्ट्यात तोड सुरू झाली की उंदीर रान सोडून शेडकडे येतात आणि वायरिंगवर दात चालवतात. निपाणीकडे बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवायची रीत आहे. वास टिकेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस दिवस, तिचा उपयोग होतो. पण सुकी पानं एक्झॉस्टपासून लांब, जाळीच्या पिशवीत बांधूनच ठेवा. शटरखालची फट रबरी पट्टीने बुजवणं आणि पोती-चिंध्या न साठवणं जास्त कामाचं. पावसाळ्यात त्या पोत्यांत उंदराच्या मागे सापही येतो.

आग आणि जळकं ऑइल

६ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक दाराजवळ टांगा, टेबलाजवळ नको. आग टेबलाशी लागली तर तिथं हात पोचणार नाही. त्याचा काटा हिरव्यात आहे का ते दर महिन्याला बघा. शेजारी दोन बादल्या कोरडी वाळू. पेटलेल्या ऑइलवर पाणी मारलं की आग पसरते. ऑइलची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. बॅटरी चार्ज होत असताना हायड्रोजन निघतो, तिच्याजवळ ग्राइंडर चालवू नका.

जळकं ऑइल २० लिटरच्या बंद कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत रिसायकलरला माल देणाऱ्या गॅरेजकडे द्या. सेंटरिंगवाले प्लेटांना लावायला मागतात, गावात वाळवीसाठी चौकटींना लावतात. दोन्हींत ते शेवटी मातीत आणि पाण्यातच जातं. गटारात सोडलेलं ऑइल मार्कंडेय किंवा मलप्रभेत पोचायला एक पाऊस पुरतो. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच परत द्या.

पहिली कामं

पहिलं काम ब्रेकचं घेऊ नका. एअर फिल्टर, मग स्पार्क प्लग, मग ऑइल आणि ऑइल फिल्टर, मग चाकं अदलाबदल, आणि जॅक-स्टँड हातात बसल्यावर ब्रेक पॅड. प्लग थंड इंजिनवरच काढा. गरम असताना काढला तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे प्लगसोबत बाहेर येतात. नवा प्लग पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा, पाना लावायचा तो शेवटी.

ऑइल बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा. राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला, तर इंजिन सुरू होताच सगळं ऑइल कोब्यावर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइल लावून तो हातानेच घट्ट करायचा. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा.

ब्रेक पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो, आणि पहिल्या दोन-तीन दाबांत पेडल थेट तळाला जातं. चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून समोरचा असे, टॉर्क पान्याने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.